कूलरमधल्या गांधीलमाश्या

पहिली गांधीलमाशी दिसली ती देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सुलूच्या रजईवर. दिघे सर तिला मऊ वरणभात भरवत होते. चमचा तोंडाशी नेला आणि बघतात तर रजईवरच्या निळ्या फुलावर एक पिवळी बाई आरामात बसलेली. उडत नव्हती, गुणगुणत नव्हती. झोपेतून अर्धवट उठल्यासारखी दोन पावलं चालायची आणि थांबायची. दुसऱ्या कोणी आधी चप्पल शोधली असती. सरांनी चष्मा शोधला.

सर म्हणजे शरच्चंद्र दिघे. कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेण्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. उज्जैनचे निम्मे डॉक्टर माझ्या टेबलावर बेडूक कापून गेलेत, असं ते स्वतःच सांगायचे, आणि असेलही खरं. त्यांचा एक नियम होता, तो प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी ऐकवायचे: "पहले देखो, फिर लिखो, हाथ सबसे आखिर में।" पोरं मागे नकला करायची. घरी बायको सुलूही करायची. ओट्यावर दूध वर यायला लागलेलं असावं आणि सर शेजारी उभे राहून त्याकडे बघत असावेत, असं कितीदा व्हायचं. मग ती म्हणायची, "बघून झालं का? आता लिहून काढा तुम्ही, मी गॅस बंद करते."

ती सुलू आता बोलत नव्हती. ऑगस्टमध्ये, राखीच्या आदल्या दिवशी, फ्रीगंजच्या बाजारातून भाजी घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि ठेवता ठेवताच खाली बसली. परत आपल्या पायांनी उठली नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळत मात्र सगळं होतं. शेजारणी येऊन तिच्यादेखत "बिचारी, काही समजत नाही हो" म्हणायच्या तेव्हा तिच्या डोळ्यांत जो संताप यायचा तो सरांनी दहादा पाहिला होता.

उरला होता डावा हात. त्या एका हातावर सगळा संसार चालला होता. सरांनी तो हात हातात घ्यायचा आणि विचारायचं. एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. चहा? हो. टीव्ही लावू? नाही. पाय दुखतायत? हो. बेचाळीस वर्षांच्या लग्नात सरांनी बायकोला तिच्या मनातलं इतकं कधी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायला लागलं होतं, आणि आवडतंय याची लाजही वाटायची.

डॉक्टर म्हणाले होते, हातात जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या चार महिन्यांत येतं. चार महिने म्हणजे डिसेंबर. आणि डिसेंबरातच ऋता येणार होती.

ऋता ही एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला. तिनं तिकडे एक सेंटर बघून ठेवलं होतं. नर्स, व्यायाम, डॉक्टर, सगळं तिथल्या तिथं. फोनवर तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाबा, तुम्ही बहात्तर वर्षांचे. तुमच्यानं आता हे होत नाही. हातात जरा जरी फरक असेल तर इथेच ठेवू, मी काय लागेल ते करते. नाहीतर पंचवीस तारखेला येते आणि तिला घेऊन जाते."

"आणि तिची मर्जी?"

"तिला मी समोर बसून विचारीन. ती नाही म्हणाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

त्या सेंटरमध्ये फक्त पेशंटला जागा होती. सरांसाठी ऋताच्या घरी हॉलमधला दिवाण, तोही किती दिवस? मग परत नानाखेड्याच्या पुढच्या या कॉलनीत, या घरात, एकटं. सर बाहेर कोणाला बोलले नाहीत, पण त्यांना याचीच भीती होती. त्यांनी फोन ठेवला आणि लगेच पलंगाशी बसले. "सुलू, पुण्याला जायचंय तुला?" तिनं दोनदा दाबला. इतक्या जोरात की सरांच्या बोटातली अंगठी त्यांनाच रुतली. त्या दिवशी सर दोन पोळ्या जास्त जेवले.

तेवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण नाही. दाबणं म्हणजे शब्द झाला, पुरावा नाही झाला, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. ऋता हुशार, बोलण्यात तरबेज, ती आईला पटवील. तिच्यापुढे हात हलवून दाखवायला हवा. मग सरांनी एक कोरी प्रॅक्टिकलची वही काढली, एका बाजूला रेघा, एका बाजूला कोरं पान. रोज सकाळी ते टाचणीनं सुलूच्या उजव्या हाताची पाचही बोटं टोचून बघायचे आणि रेघांच्या पानावर तारीख घालून लिहायचे: प्रतिसाद नाही. सुलू टाचणी दिसली की डोळे मिटून घ्यायची. वहीत ते कधी लिहिलं गेलं नाही.

आणि कोऱ्या पानावर आता गांधीलमाश्या आल्या.

पहिलीनंतर दोन दिवसांनी दुसरी आली, पडद्यावर. मग रोज एक, कधी दोन, कधी चार. सकाळी मेल्यासारखी शांतता, दुपारी ऊन चढलं की कुठूनशी एक टपकायची. सुलूची काळजी घ्यायला दुर्गा नावाची बाई ऑगस्टपासून येत होती, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सिंहस्थासाठी रस्ते खणून ठेवलेले, त्यामुळे बसस्टँडपासून धूळ खात पायी यायची आणि आल्या आल्या झाडू हातात घ्यायची. तिला ही भानगड मुळीच पसंत नव्हती.

"सरजी, ततैया है ये। मार दूँ?"

"रुको. पहले देखने दो." सर माशीवर काचेचा ग्लास पालथा घालायचे आणि खाली पोस्टकार्ड सरकवायचे. "ये सब मादा है, दुर्गा. रानी. नर तो ठंड के पहले ही मर जाते हैं. ये कोई कोना पकड़ के सो जाती है, गर्मी मिली तो उठती है. दबाओगी नहीं तो काटेगी भी नहीं."

"नर मर जाते हैं और मादा पड़ी रहती है," दुर्गा पलंगाकडे बघत म्हणाली.

कोऱ्या पानावर सर लिहीत गेले. अमुक तारीख, दुपारी बारा वाजून चाळीस, पडदा, एक. दुपारी दीड, उशी, दोन. घर त्यांनी पालथं घातलं. माळा पाहिला, फोटोंच्या मागे पाहिलं, ट्यूबलाइटची पट्टी उतरवली, दाराच्या चौकटीतल्या भेगांत साबण भरला. पोळं कुठेच नाही. सुलू पडल्या पडल्या हे सगळं बघायची आणि डावा हात उचलून खिडकीकडे दाखवायची.

"ऊन लागतंय?" सर पडदा ओढायचे. ती पुन्हा हात करायची. "उघडू?" सर पडदा सारायचे. ती पुन्हा खिडकीकडेच. शेवटी सर पलंगाशी बसून तिचा हात हातात घ्यायचे. पडदा हवाय? दोनदा. पडदा नकोय? दोनदा. बाहेर कोणी आलंय? दोनदा. "मग काय गं?" असल्या प्रश्नाला दाबून उत्तर देता येत नाही. ती हात सोडवून घ्यायची आणि छताकडे बघत राहायची. महिनाभर हे असंच चाललं होतं.

डिसेंबरच्या बारा तारखेला माशी चावली. सर औषधं आणायला गेले होते. परत आले तर दुर्गा सुलूच्या उजव्या मनगटावर लोखंडी चिमटा घासत बसलेली. "रजाई में घुसी थी. मैंने चादर ठीक की तो दब गई." मनगट लाल, टरटरून सुजलेलं. सरांचा चेहरा उतरला तसं तिनं घाईघाईनं पुढे सांगितलं, "पर सरजी, अम्माजी की उँगली हिली थी. ये वाली. मैंने देखा."

सर स्टूल ओढून समोर बसले. "कितनी हिली?"

"हिली थी ना. थोड़ी सी."

"खींची, कि सिर्फ काँपी?"

आता दुर्गा काय सांगणार? "खींची," ती म्हणाली.

त्या दिवसापासून सरांची भूक, झोप, सगळं त्या एका बोटात जाऊन बसलं. टाचणीला दाद न देणारा हात डंखाला देतो. म्हणजे वाट पूर्ण बंद नाही, नुसती अरुंद झालीय, त्यातून काहीतरी मोठं गेलं तर जातं. त्यांनी टाचणी जास्त खोल टोचून पाहिली, थेंबभर रक्त आलं. बोट हललं नाही. गरम वाटी लावून पाहिली. नाही. वहीत बारा तारखेसमोर त्यांनी लिहिलं होतं, 'बोट ओढलं (दुर्गा).' तो कंस त्यांना छळत होता. दुसऱ्यानं पाहिलेलं लिहायचं नाही, हेही त्यांनीच चौतीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. ऋताला फोनवर सांगावंसं वाटायचं आणि तोंडाशी आलेलं परत गिळायचे, कारण ती विचारणार होती, तुम्ही पाहिलंत का?

एकवीस तारखेला दुपारी दुर्गा गिरणीवर गेली होती. खोलीत छान ऊन आलं होतं. सुलू उशीला टेकून बसलेली, उजवा हात रजईवर उन्हात ठेवलेला, सर शेजारी स्टुलावर संत्र्याच्या फोडी सोलत होते. पडद्यावरून एक माशी घरंगळली आणि सुलूच्या उजव्या हाताच्या पंजावर पडली. उताणी झाली, सावरली, आणि बोटांकडे चालायला लागली.

सुलूनं ती पाहिली. सरांनीही पाहिली. सुलूनं सरांकडे बघितलं आणि डावा हात माशी झटकायला उचलला.

सरांनी तो हात मधेच धरला. दोन्ही हातांत घेतला. "मी आहे ना," ते म्हणाले. त्यांच्या हातातला तिचा हात सैल पडला. तिला वाटलं, हे माशी काढतायत.

माशी मधल्या बोटाच्या पेरावर थांबली. सर बघत होते. त्यांचं डोकं प्रॅक्टिकलच्या तासाला असायचं तसं थंड होतं. दाबल्याशिवाय ही चावणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी एक हात मोकळा केला, रजईची कड हळूच ओढून सुलूच्या उजव्या हातावर घातली, थंडी वाजू नये म्हणून घालतात तशी, आणि वरून तळवा ठेवला. किंचित दाबला. तेवढंच.

मग झटकन रजई बाजूला केली आणि बोटांकडे बघितलं. माशी चिरडून एका कुशीवर वळवळत होती. मधल्या बोटाच्या मुळाशी एक लाल ठिपका उमटला होता, बघता बघता त्याच्याभोवती गांधी उठत होती. पाच बोटं. पाचही जिथल्या तिथं. सरांनी मनात वीसपर्यंत आकडे म्हटले. एकही बोट हललं नाही.

मग त्यांनी वर बघितलं. सुलू हाताकडे बघतच नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि किती वेळ बघत होती कोणास ठाऊक.

कॉलेजात ते हा प्रयोग दरवर्षी करून दाखवायचे. बेडूक टांगायचा, पायाला ॲसिडचा कागद लावायचा, पाय ओढतो का बघायचं. त्या बेडकाचं डोकं आधीच कापलेलं असायचं. त्यामुळे प्रयोग करणाऱ्याकडे बघायला कोणी नसायचं. सरांना ही गोष्ट चौतीस वर्षांत एकदाही सुचली नव्हती, ती आता सुचली.

"सुलू," ते म्हणाले, "दुखलं का गं? कळलं तुला?" तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डंखाचं की कशाचं, तेवढंच त्यांना हवं होतं. डंखाचं असलं तर हात जिवंत होता. डावा हात अजून त्यांच्या एका हातात होता. "सुलू, एकदा दाब. कळलं असेल तर एकदा दाब. नाहीतर दोनदा."

तिनं एकदाही दाबला नाही, दोनदाही नाही. हळूच हात काढून घेतला आणि रजईखाली नेला.

दुर्गा आली, पिठाचा डबा तसाच ठेवून चिमटा घेऊन धावली. "फिर काटा? कैसे?"

"रजाई में थी," सर म्हणाले. सुलूच्या समोर म्हणाले.

दुर्गा बोट चोळत पुटपुटत राहिली, ये आती कहाँ से हैं, आती कहाँ से हैं. तेव्हा सुलूनं रजईखालून हात काढला आणि महिनाभर दाखवत होती तसं खिडकीकडे दाखवलं. दुर्गा उठली. तिनं पडद्याला हातच लावला नाही. सुलूच्या बोटाच्या रेषेत सरळ चालत गेली आणि खिडकीत बसवलेल्या कूलरच्या जाळीला कान लावून उभी राहिली.

"सरजी, इस बार कूलर बंद नहीं करवाया?"

कूलर दरवर्षी सुलू बंद करवायची. दिवाळीचा फराळ संपला की माणूस बोलावून पाणी काढायची, जाळ्यांत भरलेली जुनी घास, म्हणजे वाळकं गवत, उपसून फेकायला लावायची, तोंडाला गोधडी कोंबून वरून चादर बांधायची. सरांना एवढंच माहीत होतं की उन्हाळ्यात खिडकीतून गार हवा येते आणि थंडीत तिथे एक चादर असते. या वर्षी चादर नव्हती, हे त्यांच्या नजरेला कधी पडलंच नाही.

दुर्गानं बाहेर जाऊन कूलरची बाजू उघडली. वाळलेल्या गवतात माश्या एकमेकींना बिलगून झोपल्या होत्या, मुठीएवढा घोस. दुपारचं ऊन पत्र्यावर पडलं की कडेच्या दोनचार जाग्या व्हायच्या आणि जाळीतून थेट सुलूच्या पलंगावर यायच्या. वहीत वेळ होती, जागा होती, आकडा होता. सर अंगणात उभे राहून बघत होते आणि दुर्गानं विचारलं, "जला दूँ?" तरी ते बघतच राहिले. तिनंच घास बाहेर ओढली आणि पेटवली. ती भसकन जळली.

जळून झाल्यावर सरांनी विचारलं, "दुर्गा, उस दिन उँगली सच में हिली थी?"

ती राख पायानं सारत राहिली. "आपका मुँह देखा नहीं जा रहा था, सरजी," ती म्हणाली.

पुढचे चार दिवस सुलूनं सरांचा हात दाबला नाही. ते पलंगाशी बसायचे, डावा हात हातात घ्यायचे, ती घेऊ द्यायची. आता त्यात नुसता हात असायचा. चहा? काही नाही. पाणी? काही नाही. दुर्गानं विचारलं की लगेच एकदा, नाहीतर दोनदा. सर दारातून बघायचे. एकदा दुर्गा बाहेर गेली असताना त्यांनी सुलूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "चुकलं माझं. सुलू, मला बघायचं होतं फक्त." बोलता बोलता त्यांनाच कळलं की हे सांगायला नको होतं. ती छताकडे बघत होती.

पंचवीस तारखेला सकाळी ऋता आली. कूलरच्या तोंडाला गोधडी होती, चादर होती, माश्या नव्हत्या. बोटाची सूजही उतरली होती. तिनं आईला न्हाऊ घातलं, वेणी घातली, आणि उन्हात पलंगावर तिच्याजवळ बसली. सर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. वही त्यांनी कपाटात टाकली होती. हात हलत नाही हे ऋतानं आल्या आल्याच बघितलं होतं. आता एकच गोष्ट उरली होती, सुलू दोनदा दाबणार होती की नाही.

"आई," ऋतानं तिचा डावा हात घेतला, "माझ्याबरोबर पुण्याला येतेस? तुझी इच्छा नसेल तर नाही. बाबा म्हणाले, तू दोनदा दाबला होतास."

ऋतानं वळून बापाकडे बघितलं.

"एकदाच दाबला, बाबा."

"नीट विचार," सर म्हणाले.

"आई, नीट सांग हं. तिकडे बाबा नसतील. ते इथेच राहतील. तरी येतेस?"

या वेळी सरांनाही दिसलं. सुलूची बोटं ऋताच्या बोटांवर आवळली गेली, एकदा, आणि तशीच राहिली. सोडायला तयार नव्हती.

ऋताचा चेहरा गोंधळला. आईबाबांना तिनं आयुष्यभर ओळखलं होतं. "बाबा, काय झालं इथे?"

सरांनी सांगायला हवं होतं. सुलू त्यांच्याकडे बघत होती, चार दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही बघत होते.

"काही नाही," ते म्हणाले. "तिची बॅग माळ्यावर आहे, काढून देतो."